भूल उतरली नाही तेव्हा

ऑपरेशनआधी एक कागद भरून घेतात. वय, वजन, बीपी, शुगर, दात हलतो का, असे प्रश्न असतात, आणि खाली कुठेतरी आणखी एक असतो: घरात कोणाला पूर्वी भुलीचा त्रास झालाय का? बहुतेक लोक 'नाही' म्हणून मोकळे होतात. मीही झालो. त्या एका 'नाही'पायी मी मरता मरता वाचलो, आणि नंतर घरात जे झालं त्यातून आम्ही अजून पुरते बाहेर आलेलो नाही.

उद्या ज्यांच्या हातात तो कागद येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. इंदूरला सांवेर रोडवर मक्यापासून ग्लुकोज बनवणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहे. लेखक तर मुळीच नाही, तेव्हा कुठे तोल गेला तर सांभाळून घ्या.

रविवार

जानेवारीचा रविवार होता. सकाळी पोहे-जलेबी आणून झाली होती आणि दोन प्लेटी रिचवून मी गच्चीवर उन्हात बसलो होतो. पोट कालपासूनच कुरकुरत होतं, पण पोह्यांपुढे पोटाचं कोण ऐकतो! दहाच्या सुमाराला उजव्या बाजूला अशी कळ आली की मी जिना बसत बसत उतरलो. माझी बायको स्मिता सातारची, एरवी आमच्या हिंदीमिश्रित मराठीची टर उडवणारी. ती त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही, सरळ गाडी काढली. मागे आई बसली, मांडीवर माझं डोकं घेऊन.

अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात. लगेच ऑपरेशन करावं लागेल, असं सांगितलं. थांबायला वेळ नाही आणि पोट भरलेलं, म्हणून भूल देणाऱ्या मॅडम जरा काळजीत दिसल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी कागद घेतला आणि भराभर विचारत गेल्या. शेवटी तो प्रश्न आला.

"घर में किसी को अनस्थीसिया से कोई दिक्कत हुई थी कभी?"

मी आईकडे पाहिलं. आईने माझा हात दाबला आणि माझ्याआधी उत्तर दिलं, "नहीं मॅडम, हमारे यहाँ सब ठीक है."

ते खरं नव्हतं आणि मला ते ठाऊक होतं. माझी आत्या, कुमुदआत्या, मी जन्मायच्या आधी 'ऑपरेशनमध्ये गेली' एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. कशी गेली ते कोणी सांगत नसे. तिचा फोटोही भिंतीवर नाही. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. मोहिमेवर निघणाऱ्या माणसासमोर मेलेल्याचं नाव काढायचं नाही, ही चाल तेव्हापासूनची असं बाबा सांगत. फौज गेली, तलवारी गेल्या, बाबा कारकून म्हणून रिटायर होऊन गेले, पण चाल राहिली. परीक्षेला, मुलाखतीला, प्रवासाला निघताना आमच्याकडे कोणी गेलेल्या माणसाचा विषय काढला की आई पायताण फेकून मारायची बाकी ठेवते. मग ऑपरेशनला निघालेल्या मुलासमोर ती आत्याचं नाव काढणार कशी?

आईचं मी समजू शकतो. पण माझं काय? कारखान्यात एका टाकीचं तापमान दोन अंशांनी चुकलं तर मी लाल पेनाने नोंद करतो आणि वर मॅनेजरला फोन करतो. त्याच माणसाने स्वतःच्या जिवाच्या कागदावर खोटी नोंद होऊ दिली, कारण आईने हात दाबला.

आत

हा भाग लिहायचा मी तीन महिने टाळला. थोडक्यात सांगतो.

पहिल्यांदा आवाज आले. यंत्राची टिकटिक, कुणीतरी स्टीलचा ट्रे ठेवला तो आवाज. मग दोन माणसं बोलत होती. एक म्हणाला, "गराडू तो भिया सराफे के ही." सराफ्यात मिळणाऱ्या तळलेल्या कंदाची ही तारीफ दुसऱ्याला मान्य नव्हती. मला वाटलं, झालं वाटतं ऑपरेशन. डोळे उघडायला गेलो, उघडले नाहीत. हात हलवायला गेलो. बोट हलवायला गेलो. मग श्वास घ्यायला गेलो, आणि तोही घेता येईना.

पोटाला टाके घातलेले कळत होते, घशात नळी होती ती कळत होती, पाठीखालचं थंडगार टेबल कळत होतं. सगळं कळत होतं आणि माझं म्हणून काहीच हलत नव्हतं. नळीतून कोणीतरी हवा ढकलली की छाती वर यायची. ती पुढच्या वेळी ढकलतील की नाही, याची वाट बघत मी पडून होतो. वाट बघणं हा शब्द फार सभ्य आहे. मी आतल्या आत किंचाळत होतो.

"मॅडम, ये तो उठ नहीं रहे," गराडूवाला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "साँस ही नहीं ले रहे."

त्या वेळी माझी खात्री झाली की हे लोक आता मला मेलेला समजणार. कपडा ओढतील, बाहेर आईला सांगतील, आणि मी ऐकत राहीन. मला आईचा राग आला नाही, स्मिताची आठवण आली नाही, देवही आठवला नाही. फक्त एकच, पापणी हलू दे. एवढीशी पापणी.

तेवढ्यात कपाळावर एक हात आला. हातमोजा नसलेला, गरम हात. आणि मॅडमचा आवाज, अगदी कानाशी. "संजयजी, सुन रहे हों तो डरिए मत. दवा का असर लंबा चल रहा है. साँस हम दे रहे हैं, देते रहेंगे. मैं यहीं हूँ. अब आपको फिर से सुला रही हूँ."

हे सगळं किती वेळ चाललं ते मला माहीत नाही. त्या म्हणतात, फार तर दहा-बारा मिनिटं. मी वाद घालत नाही.

मला पुन्हा झोपवलं आणि पाच तास यंत्रावर ठेवलं. संध्याकाळी शुद्ध आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सिर उठाइए, पाँच गिनने तक." मी डोकं उचललं आणि पाच मोजून झाले तरी खाली ठेवीना. शेवटी त्यांनीच हाताने खाली दाबलं.

मला एंझाइम शिकवायला आल्या

दुसऱ्या दिवशी त्या स्टूल ओढून पलंगाशी बसल्या. काय झालं ते सोप्या भाषेत सांगायला लागल्या. शरीरात एंझाइम नावाचं काहीतरी असतं वगैरे. मला हसू आलं आणि टाके दुखले. म्हटलं, "मॅडम, अठरा साल से यही काम कर रहा हूँ."

मग त्याच हसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. मी माझ्या भाषेत सांगतो.

मक्याचं स्टार्च पाण्यात कालवून तापवलं की त्याची खळ होते, ढवळणारा पंखा अडेल इतकी घट्ट. त्यात आम्ही निळ्या कॅनमधलं थोडंसं एंझाइम ओततो. हजारो लिटरच्या टाकीला कॅनभर. थोड्या वेळात ती खळ पाण्यासारखी वाहायला लागते. स्टार्चच्या लांब साखळीवर ते एंझाइम ठरावीक जागी जाऊन बसतं, तिथे तोडतं, सुटतं आणि पुढच्या साखळीकडे जातं. या सगळ्यात ते स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून थोडंसं पुरतं. आणि एकाचं काम दुसरं करत नाही. स्टार्च तोडणारं प्रोटीनकडे ढुंकूनही बघत नाही. नव्या पोरांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: एंझाइम नसलं तर काम होतच नाही असं समजू नका. ते होतं, पण फार म्हणजे फार सावकाश.

मला नळी घालण्याआधी स्नायू ढिले करणारं एक औषध दिलं होतं. घाईच्या ऑपरेशनात ते देतात, कारण ते लगेच चढतं आणि पाच-दहा मिनिटांत उतरतं. ते उतरतं कारण आपल्या रक्तातलं एक एंझाइम त्याचे तुकडे करतं. ते एंझाइम यकृत बनवतं. माझं यकृतही बनवतं, पण त्याची घडण जन्मापासूनच जराशी चुकलेली आहे. औषध त्याच्यात नीट बसतच नाही, मग तुटणार कसं? बाकी जगाचं पाच-दहा मिनिटांचं काम माझ्या शरीराने पाच तास घेऊन, रखडत का होईना, पुरं केलं. तेवढा वेळ कोणीतरी श्वास देत राहिलं, एवढ्यावर मी वाचलो. रोजच्या जगण्यात या दोषाने काही म्हणजे काही होत नाही. एक्केचाळीस वर्षं मला पत्ता नव्हता.

"रक्त पाठवलंय, रिपोर्ट आठ दिवसांत येईल," मॅडम म्हणाल्या. त्यांना मराठी येतं हे तेव्हा कळलं. "पण मला शंका नाही. हे आईबापांकडून येतं, दोघांकडून एकेक खराब प्रत आली की होतं. नात्यात लग्नं आहेत का घरात?"

आहेत. माझी आई बाबांच्या मामाची मुलगी. तिला तिच्या आत्याच्याच घरात दिली होती.

"भाऊ-बहीण?"

"एक बहीण. मनीषा. महूला असते."

"तिचं रक्त तपासायलाच हवं. चारात एक शक्यता आहे. घाई नाही, पण ऑपरेशन वगैरे काही..."

"तिला सातवा लागलाय," मी म्हटलं.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "मग घाई आहे," त्या म्हणाल्या. "गरोदरपणात हे एंझाइम असंही थोडं कमी होतं. आणि सिझेरियन कधी सांगून येत नाही."

जाताना मी त्यांना विचारलं, मी जागा आहे हे तुम्हाला कळलं होतं का? त्या म्हणाल्या, "नाही. मी नेहमी धरूनच चालते, की ऐकताहेत."

घरी

चौथ्या दिवशी सोडलं. वॉर्डातल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सहाला चहा, आठला ड्रेसिंग, बाजूच्या पलंगावरचे काका त्यांच्या मुतखड्याची चित्रं येईल त्याला दाखवायचे. माझी अडचण वेगळी होती. मला डोळे मिटायची भीती वाटत होती. डुलकी लागत आली की मी दचकून हात हलवून बघायचो. घरी आल्यावरही तेच. भर दुपारी, खिडकीतून ऊन अंगावर येत असताना स्मिताला म्हणायचो, "मी झोपतोय, तू दर पाच मिनिटांनी मला हाक मार." ती बिचारी शाळेतल्या मुलांचे पेपर तपासत बसायची आणि हाक मारायची. मी 'हं' म्हणालो की पुढचा पेपर. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण त्या महिन्यात मी तिला जितकं छळलं तितकं कधी छळलं नसेल.

रिपोर्ट आला. मॅडमचा अंदाज बरोबर होता. त्यांनी मला एक कार्ड करून दिलं, कोणतं औषध द्यायचं नाही ते लिहिलेलं. ते मी पाकिटात लायसन्सच्या मागे ठेवलं.

राहिली माझी बहीण, मनू. आणि इथे घरात युद्ध पेटलं.

"मनूला अभी कुछ नाही सांगायचं," आई म्हणाली. "पोटुशी बाईसमोर असलं बोलतात का? पहिलं डोहाळजेवण होऊ दे."

"आई, डोहाळजेवणाचा आणि रक्ताचा काय संबंध?" स्मिता म्हणाली.

"तू रहने दे. सासरी काय तोंड दाखवेल ती? लोक म्हणतील, घराण्यात खोट आहे. उद्या त्या बाळालाही नावं ठेवतील."

"आणि तिला काही झालं तर?"

"बोलू नकोस!" आई ओरडली. "असलं तोंडातून काढूच नकोस!"

त्या दिवसापासून सासू-सुनेत बोलणं बंद झालं. स्वयंपाकघरात दोघी असायच्या आणि फक्त भांडी वाजायची. मी दोघींच्या मध्ये पोटाला पट्टा बांधून बसलेला. खरं म्हणजे मला आईची परवानगी कशाला हवी होती? फोन माझ्या हातात होता. मनूशी मी एक दिवसाआड बोलत होतो. संक्रांतीला तिळगूळ पाठवला, पोचला का विचारलं. पाय सुजतात का विचारलं. तिने विचारलं, "दादा, तुझं ऑपरेशन ठीक झालं ना? आई म्हणते भूल जरा जास्त चढली होती." मी म्हटलं, "हौ, थोडी जास्त."

असे तीन आठवडे गेले. डोहाळजेवण झालं, मनूला हिरवी साडी नेसवली, फुलांची वाडी भरली. मी कौतुकाने फोटो काढले. पाकिटातलं कार्ड मला सारखं आठवत होतं. मी भित्रा माणूस आहे, हे मला त्या महिन्यात कळलं.

मेथी

फेब्रुवारीतली दुपार होती. स्मिता शाळेत गेलेली. आई ओसरीवर मेथी निवडत होती आणि मी समोर खुर्चीत होतो. तिने वर न बघता विचारलं, "संजू, तुला खरंच ऐकू येत होतं?"

"हो."

"म्हणजे सगळं?"

"सगळं. ते गराडूबद्दल बोलत होते तेही. मॅडम काय म्हणाल्या, तेही." मी तिला मॅडमचे शब्द सांगितले. डरिए मत. मैं यहीं हूँ.

"आणि तू उत्तर नाही देऊ शकत होतास."

"पापणी हलत नव्हती, आई."

तिच्या हातातली काडी तशीच राहिली. मग बोलली ती मेथीच्या जुडीकडेच बघत. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिने बाबांनाही पूर्ण सांगितली नव्हती.

कुमुदआत्या आणि आई एकाच वयाच्या. आते-मामेबहिणी. लहानपणी सुट्टीत एका अंथरुणात झोपायच्या. आईचं लग्न होऊन ती त्या घरात आली, आणि कालपर्यंतची कुमी एका दिवसात 'वन्सं' झाली. वर्ष-दीड वर्षाने कुमुदआत्याच्या पोटात दुखायला लागलं, माझ्यासारखंच. तेव्हा सगळे माळव्यातल्याच एका लहान गावी राहत होते. तिथल्या छोट्याशा दवाखान्यात नेलं. बाबा दौऱ्यावर होते, म्हणून सोबत आई गेली. तेवीस वर्षांची. आजीने पिशवीत देवाजवळची गंगेची लोटी दिली होती, वन्संच्या अंगावर शिंपड म्हणून.

"ऑपरेशन झालं," आई म्हणाली. "पण वन्सं उठेचनात. श्वासच नाही. दवाखान्यातली माणसं हाताने फुगा दाबत होती. एक थकला की दुसरा. दुपार झाली. डॉक्टर दुसरं सिलिंडर आणायला स्वतः गेले. जो माणूस फुगा दाबत होता ना, तो रडवेला झाला होता रे. हात भरून आले होते त्याचे. मला म्हणाला, बाई, अब इनमें कुछ नहीं है. मुँह में गंगाजल डाल दो."

मी खुर्ची तिच्या जवळ ओढली.

"मी तोंडावरचा मास्क बाजूला केला. चमचाभर गंगाजल घातलं. ते आत गेलं नाही, ओठातून बाहेर आलं. परत घातलं. तुळशीचं पान मिळालं नाही. तिच्या कानाशी जाऊन मी मोठ्याने म्हटलं, वन्सं, सुटलात बरं. जा सुखाने."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तो गल्ली ओलांडेपर्यंत आई थांबली.

"तिच्या डोळ्यातून पाणी आलं, संजू. दोन्ही डोळ्यांतून. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, असं येतं. मी पदराने पुसलं."

मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तिला ऐकू येत होतं का रे?"

मी खोटं बोलायला हवं होतं. नंतर मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी काहीच सांगता येत नाही. तेच कारण होतं की दुसरं, आणि त्या क्षणी ती होती की गेलेली होती, कोणालाच कळणार नाही. हे मला तेव्हाही सुचायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच घुमत होतं: काम होतं, पण फार सावकाश. आत्याला औषध नको होतं, चमत्कार नको होता. तिला फक्त वेळ हवा होता, पाच तास, सहा तास. मी तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. आईला तेवढं पुरलं.

ती रडली नाही. तिने उरलेली मेथी निवडली, देठं वेगळी केली, केर भरला. मग म्हणाली, "उद्या महूला जायचं. तू गाडी नको चालवू, स्मिताला सांग."

तीन आठवड्यांनी तिने सुनेचं नाव घेतलं होतं.

महू

मनूचे यजमान तिथे शाळेत शिकवतात. घर नीटनेटकं, दारात शेवंतीच्या कुंड्या. आईने चहालाही हात लावला नाही. मनूला आणि तिच्या सासूबाईंना समोर बसवून तिने सगळं सांगितलं, आत्यापासून माझ्यापर्यंत. गंगाजलही गाळलं नाही. मी मध्ये बोलायला गेलो तर तिने हाताने थांबवलं.

मनूच्या सासूबाईंनी आईचा भरलेला कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "विहीणबाई, हे लग्नाआधी सांगायचं असतं." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आई म्हणाली, "हो. सांगायचं असतं."

मनू माझ्याकडे वळली. "तुला कधी कळलं?"

"महिना होत आला."

"महिना? दादा, महिनाभर तू मला तिळगूळ पोचला का, तिळगूळ पोचला का विचारत होतास?" तिचा आवाज चढला. "डोहाळजेवणाला फोटो काढत होतास!"

ती उठून आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. तिने मला अजून पुरतं माफ केलेलं नाही. फोनवर बोलते, पण पूर्वीसारखं 'दादा सुन ना' म्हणत नाही. सासूबाईंच्या वागण्यातही फरक पडला, तो तिला रोज सोसावा लागतो. हे सगळं खरं बोलण्याची किंमत म्हणून ठीक आहे, असं लोक सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातं?

तिचा रिपोर्ट आला. माझ्यासारखाच.

पुन्हा तोच कागद

मनू आणि तिची मुलगी दोघी बऱ्या आहेत, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको.

शेवटच्या आठवड्यात बाळ आडवं झालं. सिझेरियन ठरलं, इंदूरलाच. त्या दिवशी सकाळी मनू पलंगावर, आम्ही भोवती. भूल देणारे डॉक्टर या वेळी तरुण होते. त्यांनी मनूची फाइल अजून उघडली नव्हती. कागद काढला आणि विचारत गेले. वय, वजन, शुगर, दात.

"घर में किसी को अनस्थीसिया से दिक्कत?"

मी पाकिटातून कार्ड काढत होतो. आई माझ्या आधी बोलली. आवाज स्वच्छ होता.

"हाँ डॉक्टरसाहब. मेरी ननद को. कुमुद नाम था. तेईस साल की थी, चली गई. फिर इसको, मेरे बेटे को. और इसको भी है, रिपोर्ट लगा है. ठीक से लिख लो."

ऑपरेशनला निघालेल्या पोटच्या पोरीसमोर, मेलेल्या माणसाचं नाव. मनूने आईकडे पाहिलं आणि तिचा हात धरला. डॉक्टरांनी लिहून घेतलं, फाइल वाचली. म्हणाले, कमरेत इंजेक्शन देऊ, जाग्याच राहतील त्या, आणि ते औषध वापरायची वेळच येऊ देणार नाही.

स्ट्रेचर निघाला तेव्हा आई दारापर्यंत गेली. डॉक्टरांना म्हणाली, "एक रिक्वेस्ट है. ये जवाब न दे पाए ना, तब भी कोई इससे बात करते रहना."

"बिल्कुल, माँजी," ते म्हणाले. दार बंद झालं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. स्मिता चहा आणायला गेली. आई जरा लांब, भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. जप करतेय असं समजून मी थोडा वेळ तसाच बसलो. मग तिला शाल द्यायला उठलो आणि जवळ गेल्यावर ऐकू आलं.

"घाबरू नकोस, कुमी," ती हळू आवाजात सांगत होती. "मी इथेच आहे. कुठे नाही गेले मी."